मध्यम चढणीची मसलत

कोलशेत खाडीकाठी वसले असल्यामुळे तेथील नित्य व्यवहारात पर्वताला स्थान नाही. पश्चिमेस येऊरचे डोंगर आहेत खरे, परंतु मधे घोडबंदर रस्ता आणि गगनचुंबी इमारतींची तटबंदी उभी राहिल्याने त्यांचे दर्शन खालच्या मजल्यांवरील रहिवाशांस दुर्लभच. अशा ठिकाणी माझ्या भाच्याने एकवीस गिअरांची डोंगरी सायकल विकत आणावी आणि तिच्या दातेरी टायरांकडे पाहून आमच्या संकुलातील काही पोक्त गृहस्थांना तारुण्याचा पुनःप्रत्यय यावा, ही घटना कार्यकारणभावाच्या पलीकडची होय. "मामा, एक मध्यम सफर करू, फार चढ नाही, वाटेत थोडा इतिहास," एवढेच तो बोलला, तेवढ्यावर समिती स्थापन होऊन तिचे अध्यक्षपद निवृत्त मामलेदारसाहेबांकडे गेले.

येऊरची सूचना पहिल्याच बैठकीत बारगळली. तेथे बिबट्याचा वावर असून सफर मध्यमच राहील असा त्याचा लेखी जबाब दप्तरी नाही, असा शेरा साहेबांनी मारला. मग अंबरनाथचे शिवालय मुक्रर झाले: जाताना बाळकुम, कशेळीचा पूल, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, भिवंडी, तेथून आत वळून लोनाड, आणि शेवटी कल्याणवरून अंबरनाथ. खर्ड्यावर हा मार्ग अत्यंत रमणीय दिसला. प्रत्यक्षात कशेळी ओलांडली की उल्हास नदीचे रम्य पात्र मागे पडून गोदामांचे साम्राज्य सुरू होते, आणि सायकलस्वाराची जी काही चढण असते ती डोंगराची नसून खड्ड्यातून वर येण्याची असते.

तथापि या प्रदेशास सायकलीचाच वेग योग्य, असे माझे प्रामाणिक मत आहे. कारण येथील प्राचीनता कंटेनरांच्या रांगेआड इतकी संकोचून बसली आहे की मोटारीतून जाणाऱ्यास तिचा पत्ताच लागत नाही. ज्या ठाण्यातून आम्ही निघणार ते शिलाहारांचे श्रीस्थानक, त्यांची राजधानी. लोनाडला बौद्ध लेणे आहे आणि त्यात आज देवी नांदते. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या ताब्यात आल्यावर मराठी आरमाराची मुहूर्तमेढ रोवली गेली ती याच खाडीकाठी, दुर्गाडीच्या परिसरात. अंबरनाथच्या देवळातील शिलालेख तर शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला. वालधुनीकाठच्या त्या मंदिराची बाह्य भिंत शिल्पांनी इतकी गजबजली आहे की हात टेकण्यापुरतीही मोकळी जागा शोधावी लागते. आणि गंमत अशी की गाभाऱ्यात शिरण्यासाठी पायऱ्या चढायच्या नसून उतरायच्या असतात. ही माहिती ऐकताच गुडघेदुखीच्या सभासदांनी स्थळास एकमुखाने पसंती दिली. उतरल्यावर पुन्हा वर यावे लागते हा मुद्दा पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला.

ठराव मोडणाऱ्यास शिक्षा काय, यावर मात्र दीर्घ खल झाला. साहेबांनी शिलाहारांच्या गधेगाळीचा दाखला काढला: माथ्यावर चंद्रसूर्य, मधे दानाचा मजकूर, आणि जो हे दान मोडील त्याच्या कुळासाठी खाली गाढवाचे असे चित्र की ज्याचे वर्णन स्त्रीपुरुषांच्या संमिश्र सभेत करणे अशक्य. असा एक दगड संकुलाच्या फाटकाशी रोवावा, ही त्यांची तजवीज सचिवांनी सौंदर्यदृष्टीच्या कारणास्तव फेटाळली. संकुलाच्या माहितीपत्रकात कारंज्याचा उल्लेख आहे, गाढवाचा नाही, असे ते म्हणाले.

त्यानंतर बंदोबस्ताचा तपशील निघाला आणि सफरीचे वजन वाढू लागले. पंक्चर काढण्याचे साहित्य एकाने सुचवले, दुसऱ्याने मलमपट्टी, तिसऱ्याने थालीपिठे. थालीपिठांबरोबर लोणी आले, लोण्याबरोबर बर्फाची पेटी, आणि पेटी सायकलीस बांधता येत नाही या निर्विवाद सत्यातून टेम्पो जन्मास आला. टेम्पो आहेच म्हटल्यावर वयोवृद्धांनी कशेळीपर्यंत त्यात बसावे असे ठरले. पुढच्या बैठकीत ती सवलत भिवंडीपर्यंत वाढली, आणि त्याच्या पुढच्या बैठकीत वयोवृद्धतेची मर्यादा चाळिशीवर आणण्यात आली. परतीस सायकली लोकलच्या मालडब्यातून आणाव्यात, या सूचनेवर मात्र नित्याचे प्रवासी असलेल्या सभासदांनी असे मौन धारण केले की साहेबांनी ती इतिवृत्तातूनच खोडली.

पावसाळा सरला, हवा कोरडी झाली, आणि भाडे टेम्पोवाल्याने डोईमागे घ्यावे की फेरीमागे यावर रविवारची सकाळ खर्ची पडत असता माझ्या भ्रमणध्वनीवर भाच्याचे छायाचित्र आले: वालधुनीचा काठ, भिंतीला टेकवलेली चिखलाने माखलेली सायकल, आणि हातात सोललेले केळे. "मामा, पहाटे निघालो. चढ खरंच फार नाही." मी तो मजकूर सभेत वाचून दाखवला. मामलेदारसाहेबांनी चष्मा सारखा केला, 'एक सभासद विनापरवाना गैरहजर' अशी नोंद केली, आणि टेम्पोच्या तसलमातीचा विषय पुढे घेतला.