ध्वनिमुद्रक घेताना

व्याख्यानासाठी ध्वनिमुद्रक निवडताना त्यात किती तास मावतात, हे आधी विचारले जाते. ते तास पुढे ऐकणार कोण, हे विचारण्याची पद्धत नाही. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला तासाला सुमारे ५८ एमबी लागतात, सीडीच्या दर्जाच्या वेव्हला सुमारे ६३५. वक्त्याचे विचार दोन्हींत तेवढेच भरतात. खरा प्रश्न मायक्रोफोनच्या अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणून शेवटच्या रांगेतून पंखा, खुर्च्या आणि शेजाऱ्याचा खोकला स्वच्छ मिळतो, वक्ता अधूनमधून. पंख्याची घरघर लो-कट फिल्टरने कमी होते, सूत्रसंचालकाचे पाल्हाळ होत नाही. मुलाखतीत यंत्र बोलणाऱ्याजवळ, कपबशांपासून दूर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवावे. आणि काय मुद्रित होते आहे हे तिथेच ऐकता यावे, म्हणून हेडफोन जॅक नसलेले यंत्र घेऊ नये.