डग्ग्याचं काम डग्ग्याला

बुऱ्हाणपूरहून धारणीकडे निघालं की वाटेत देडतलाई लागतं. इथं मराठी, हिंदी आणि कोरकू तिन्ही कानावर पडतात, पण लग्नसराईत सगळ्यांना एकच भाषा कळते: ‘धम्म’. तोच धम्म घरात हवा म्हणून होम थिएटर येतं, आणि पहिल्याच दिवशी रिसीव्हर मानपानाचा प्रश्न विचारतो: तुमचे स्पीकर ‘लार्ज’ की ‘स्मॉल’? हप्ते भरून आणलेल्या वस्तूला लहान कोण म्हणेल? पण माझं म्हणणं असं की, म्हणावं. या ‘स्मॉल’चा अर्थ एवढाच, की साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आवाज या स्पीकरकडे न देता सबवूफरकडे धाडावा. स्पीकरच्या पाच-सहा इंची पडद्याला 40 हर्ट्झसाठी लागेल तेवढी हवा हलवणं झेपत नाही. तो ओढाताण करतो आणि त्यात नायकाचं बोलणंही गढूळ होतं. आपल्या वादकांनी हे कधीच ओळखलंय. घुमारा डग्ग्यानं द्यायचा, बोल तबल्यानं काढायचे. त्यात तबल्याचा अपमान झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

यावर कुणी म्हणेल, आमचे स्पीकर कमरेएवढे उंच आहेत. असू देत. पडद्याच्या दोन बाजूंना उभं राहणं चित्रासाठी बरोबर असलं, तरी बास तिथून नीट लागेलच असं नाही. 40 हर्ट्झची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब. चौदा फुटी खोलीत तिची निम्मी लांबी बरोब्बर मावते. मग तो सूर भिंतींपाशी साचतो आणि मध्यावर मरतो. मधल्या सोफ्यावरचे यजमान ‘बास कुठाय?’ म्हणत आवाज वाढवतात आणि भिंतीला टेकलेल्या मामांच्या बरगड्या वाजतात. उपाय असा: सबवूफर सोफ्यावर ठेवा, आपण भिंतीकडेनं रांगा, आणि जिथं बास सारखा ऐकू येईल तिथं त्याला नेऊन बसवा. प्रतिष्ठित माणसाला हे अवघड जातं, मान्य. म्हणून काहीजण ‘एलएफई प्लस मेन’ निवडून स्पीकर आणि सबवूफर दोन्हीकडून बास घेतात. पण एकच ठेका दोघांनी किंचित पुढेमागे धरला की कुठं दुप्पट होतो, कुठं गायब.

शेवटचा युक्तिवाद कायद्याचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि आमचा मीटर शांत आहे! असेलही. हे मोजमाप ‘ए’ भारांकनाचं. 50 हर्ट्झच्या आवाजाला ते तब्बल 30 डेसिबलची सूट देतं. शेजारच्या भिंतीला आणि पत्र्याला मात्र अशी सूट द्यायची काही सोय नाही. तेव्हा मेन्यूत ‘स्मॉल’ निवडा, क्रॉसओव्हर 80 वर ठेवा, सबवूफरच्या पाठीवरची क्रॉसओव्हरची कळ शेवटपर्यंत फिरवा, म्हणजे गाळणी दोनदा लागणार नाही. आणि रात्री दहानंतर मीटरला नव्हे, शेजाऱ्याला विचारा.