हजार वॅटांची ऐट

सणसवाडीत पुणे-नगर रस्त्याला बंगला उठला, की खोलीखोलीत स्पीकर हवेतच. ॲम्प्लिफायर किती वॅटचा? दुकानदार म्हणतो, “शेठ, हजाराचा घ्या, पाहुणेरावळे येतात.” आता ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवरच मीटरभर अंतरावर ८८ डेसिबल देतो. वॅट दुप्पट केले तर वाढतात जेमतेम ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. शिवाय निवासी भागात आवाजाला कायद्याची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. म्हणजे हजारातले बहुतेक वॅट कपाटात बसून फुकट पगार खाणार! पण वरातीत डीजेची भिंत ऐकलेल्या शेठना ‘खोलीमागे वीस पुरे’ सांगणार कोण? हजाराचाच आला. आजींनी मात्र देवघरातला स्पीकर बंद करायला लावला, म्हणाल्या, “हायवेचे ट्रक काय कमी आहेत?”