पोरगा अगदीच वाईट नाही

बारावीच्या इंग्रजी पेपरात कवितेची ओळ देऊन ‘फिगर ऑफ स्पीच’ ओळखायला लावतात. अमरावती विभागातली, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशीमची पोरं सिमिली, मेटाफर, ॲलिटरेशन घोकतात, मार्क पदरात पाडून घेतात आणि सगळं परीक्षा हॉलमध्येच सोडून येतात. शहाणी असतात. मला मात्र त्या अलंकारांचा नाद लागला आणि त्यातही लायटोटीजचा.

लायटोटीज म्हणजे जे सांगायचं ते न सांगता त्याच्या उलट असलेलं नाकारणं. ‘चांगलं’ न म्हणता ‘नॉट बॅड’ म्हणायचं. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात हा अलंकार ठायी ठायी सापडतो. जॉर्ज पटनम नावाच्या पंडितानं १५८९ च्या ग्रंथात अलंकारांना घरगुती इंग्रजी नावं ठेवली. त्यात हायपरबोलीला, म्हणजे अतिशयोक्तीला, त्यानं चक्क ‘मोठ्यानं खोटं बोलणारी’ म्हटलं. तेव्हापासून मी अतिशयोक्तीला दारात उभं करत नाही.

अशात ताईनं भाच्याचा बायोडाटा लिहायला दिला. स्थळ अकोल्याचं, पोरगी कृषी विद्यापीठातून शिकलेली, म्हणून इंग्रजीत हवा होता. ‘गोरा, निर्व्यसनी, मनमिळाऊ’ असला बाजारू मजकूर माझ्या हातून उतरणं शक्यच नव्हतं. मी लिहिलं, ‘द बॉय इज नॉट अनएम्प्लॉइड. द फॅमिली इज नॉट विदाउट लँड.’ भाचा कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो आणि ठाण्यातली यंत्रंही तोच बघतो. म्हणून शेवटी ठसक्यात, ‘ही इज नॉट अननोन ॲट द पोलीस स्टेशन.’

बडनेऱ्याहून गाडीनं अकोला गाठलं. बैठकीत आलुपोहे आले, त्यावर शेव आणि लिंबाची फोड. मी पहिला घास घेतला आणि पोरीच्या मामांनी खिशातून माझा कागद काढला. प्रत्येक ‘नॉट’खाली निळ्या पेनाची रेघ.

“पोरगा बेरोजगार नाही, असं लिवलं तुमी. मंग कोनी म्हटलं होतं का, का तो बेरोजगार हाय?”

“नाही जी, ती इंग्रजीची एक पद्धत—”

“वावर नाही असं नाही, म्हंता. मंग हाय किती? धुऱ्याएवढं?”

वावर चौदा एकर, कपाशी-तुरीचं. पण तोंडात पोहे होते. तेवढ्यात मामांनी शेवटचं वाक्य आजीला मराठीत समजावून सांगितलं. आजी पदर सावरत उठली. “अवं माय! पोलीस वळखते पोराले?”

मी पाणी पिऊन पटनम काढला. मामा शांतपणे म्हणाले, “त्या इंग्रजाची पोरगी हाय काय लग्नाची?”

ताई माझ्याकडे पाहत नव्हती. भाचा पाहत होता.

परतीच्या गाडीत उलगडा झाला. लग्नाचा बायोडाटा वाचणारा माणूस रुपयातले चार आणे कापूनच वाचतो. ‘गोरा’ म्हटलं की तो सावळा धरतो, ‘बागायती शेती’ म्हटलं की विहिरीचं पाणी दिवाळीपर्यंत धरतो. मे महिन्यात ४५ अंशांवर पारा गेला की आमच्याकडे प्रत्येक जण “उन्हानं मेलो” म्हणतो, पण तिरडी कोणी बांधत नाही. ऐकणाऱ्याला कापायची सवय असते. माझ्या लायटोटीजमध्ये मी चार आणे आधीच कापले होते. मामांनी रिवाजानुसार आणखी कापले आणि भाच्याच्या वाट्याला पोलीस ठाणं तेवढं उरलं. इंग्रजाचा ‘नॉट बॅड’ चालतो, कारण त्याच्या ऐकणाऱ्याला त्यात भर घालून ऐकायची सवय असते.

ताईनं स्वतः नवा कागद लिहिला, मराठीत. ‘मुलगा गोरा, उच्चशिक्षित, निर्व्यसनी. शेती बागायती.’ यातलं निर्व्यसनी तेवढं पूर्ण खरं. होकार आला. साखरपुड्यात मला कोणी बोलू दिलं नाही.

तेव्हा वाचकहो, पेपरात लायटोटीज अवश्य ओळखा आणि मार्क घ्या. पण स्थळाला पाठवायचा कागद सरळ फुगवून लिहा. समोरचा कापणारच आहे, त्याला कापायला काही तरी ठेवा.