सुरतेच्या घुमटांपुढे कॅमेरा

सुरतेत कतारगाम दरवाज्याच्या बाजूला इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे आणि जवळच डचांची. नीळ आणि कापडासाठी सतराव्या शतकात एकमेकांच्या उरावर बसलेले हे शेजारी मेल्यावरही गप्प पडले नाहीत. चढाओढ वखारींवरून घुमटांवर गेली, एवढेच.

पहिला हात इंग्रजांचा. १६५९ मध्ये इंग्रज वखारीतला क्रिस्टोफर ऑक्सेंडन वारला. त्याच्या कबरीवरचा लॅटिन लेख अस्सल वखारवाल्याचा आहे. शोकातही जमाखर्चाची वही मिटलेली नाही. १६६९ मध्ये वखारीचा प्रमुख असलेला त्याचा भाऊ सर जॉर्ज गेला आणि दोघांवर मिळून सुमारे चाळीस फूट उंचीचे दुमजली, घुमटावर घुमट असलेले स्मारक उभे राहिले. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वखारीची दारे लावून तोफा मांडणारा तो हाच जॉर्ज. वखार वाचली, औरंगजेबाने खिलत दिली, जकातीतही सूट दिली. मराठी पर्यटकाचा कॅमेरा इथे किंचित तिरका धरला गेला तर दोष हाताचा मानू नये.

एरवीही फोटो सरळ येत नाहीच. चाळीस फूट चौकटीत बसवायला मागे मागे सरकावे, तर पाठीला भिंत लागते. उकिडवे बसून कॅमेरा वर केला की घुमट मागे रेलतो, जेवून सुस्तावलेल्या शेटजींसारखा. तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी. दुपारी चुना पांढराफटक दिसतो, म्हणून सकाळ बरी; पण सकाळीच मागच्या गच्चीवर धुणे वाळत पडते आणि सतराव्या शतकाच्या डोक्यावर कुणाचा तरी गाऊन फडफडतो.

डचांचे उत्तर म्हणजे त्यांच्या कंपनीचा अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याची कबर. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ याने सिद्ध करवला. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र त्यात नागरी अक्षरांत छापलेले आहे. १६९१ मध्ये सुरतेकडे येताना मुंबईजवळ समुद्रातच तो वारला. ऑक्सेंडनांवर मात करायची म्हणूनच त्याचे थडगे एवढे मोठे बांधले, असे सांगतात. ते अष्टकोनी आहे, दुहेरी घुमटाचे, खाली-वर खांबांच्या गॅलऱ्या असलेले. छायाचित्रकार भक्तिभावाने प्रदक्षिणा घालतो, आठ कोनांतून आठ फोटो काढतो आणि घरच्यांना ते एकच वाटतात.