पावती ते जामीन

प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेत सभासद येतो तो नेमणुकीच्या आदेशाबरोबरच. पवित्र पोर्टलवरून निवड झालेला शिक्षणसेवक रुजू व्हायला पंचायत समितीच्या आवारात शिरतो, तेव्हा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या आधी त्याला दोन संघटनांचे तालुकाध्यक्ष भेटतात. दोघांच्याही काखेत पावतीपुस्तक असते. पहिला चहा पाजतो, दुसरा ‘रूम बघितली का सर?’ म्हणून चौकशी करतो. संध्याकाळपर्यंत नवागताजवळ दोन पावत्या आणि एक दिनदर्शिका जमा होते, शिवाय चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर त्याचे हार्दिक अभिनंदन झालेले असते. तिसऱ्या संघटनेची मंडळी त्या दिवशी जिल्हा परिषदेवर मोर्चा घेऊन गेलेली असतात. ती दुसऱ्या दिवशी थेट शाळेवर येतात.

यानंतर मार्गदर्शनाचा टप्पा सुरू होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये अनुभवी शिक्षकांनी नव्यांना हाताशी धरावे यासाठी राष्ट्रीय मोहिमेची कल्पना मांडलेली आहे. संघटना हे काम धोरणाच्या कितीतरी आधीपासून करत आल्या आहेत, फक्त अभ्यासक्रम वेगळा आहे. त्यात सेवापुस्तकाची दुय्यम प्रत आपल्याजवळ ठेवणे, आस्थापनेच्या टेबलावरचे लिपिक जेवायला कधी उठतात हे ओळखणे आणि तीन वर्षे संपताच नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव हातोहात फिरवणे हे विषय येतात. हे शिक्षण टाकाऊ मुळीच नाही. सेवापुस्तकात राहून गेलेली एक नोंद निवृत्तीच्या वेळी माणसाला खेटे घालायला लावते, आणि ती वेळेत करून देणारा नेता कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा उपयोगी ठरतो.

वर्ग मात्र या अभ्यासक्रमात बसत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात. त्यांपैकी एक मतदार यादीच्या कामाला गेला, की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. अशा वेळी काय करायचे, हे शिक्षणसेवकाला शेजारच्या वस्तीशाळेतल्या, निवृत्तीला टेकलेल्या बाई दाखवतात. चौथीच्या पोरांना पहिलीच्या पाट्या तपासायला बसवायचे, दुसरीपुढे चिंचोके ओतून दहा-दहाचे ढीग करायला सांगायचे आणि तेवढ्यात तिसरीचा धडा उरकायचा. तपासणाऱ्या पोराचे स्वतःचे अक्षरही त्यात सुधारते, असे बाई सांगतात. त्यांचे नाव कुठल्याही कार्यकारिणीत नसते. वर्गणी मात्र कुणीतरी परस्पर भरते. तालुक्याची सभासदसंख्या कमी दिसून चालत नाही.

आलेला सभासद टिकवणे हे खरे कौशल्य. पूर्वी त्याला बदली हा हुकमी इलाज होता: संघटना सोडली की रस्त्यापासून आठ किलोमीटर आतली शाळा. 2017 च्या धोरणानंतर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या आणि नेत्यांच्या हातातले हत्यार संगणकाने काढून घेतले. आमदारकीचाही इथे उपयोग नाही. विधान परिषदेवर शिक्षक मतदारसंघांतून 7 आमदार जातात, पण मत असते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. मग पदे वाटली गेली. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस, सहसरचिटणीस, संपर्कप्रमुख, प्रसिद्धीप्रमुख, महिला आघाडी. पदे संपली की नाराज मंडळी नवी संघटना काढतात आणि सगळी पदे पहिल्यापासून वाटता येतात.

पदापेक्षा पक्की गाठ पतसंस्थेची. तीन वर्षे 16,000 रुपये मानधनावर काढलेल्या माणसाला कायम होताच लग्न, प्लॉट आणि बहिणीची फी एकदमच आठवते. कर्जाला दोन जामीनदार लागतात. ते तालुकाध्यक्ष मिळवून देतात. बहुधा एक ते स्वतःच असतात. पुढे सरांना संघटनेचे धोरण कितीही खटकले, तरी हप्ते फिटेपर्यंत ते खटकणे घरातच राहते. पतसंस्थेच्या निवडणुकीत त्यांचे मत कोणत्या पॅनेलला, हे त्यांच्याआधी जामीनदाराला ठाऊक असते.

या सुरळीत व्यवस्थेत 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खोडा घातला. पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणे भाग पडले. नवे शिक्षणसेवक ती परीक्षा पास होऊनच नोकरीत आलेले. त्यामुळे कालपर्यंत प्रस्ताव कसा लिहावा हे शिकवणारे तालुकाध्यक्ष आता संध्याकाळी शिक्षणसेवकाच्या रूमवर बालमानसशास्त्राची वही घेऊन बसतात, आणि चहा आता तेच करतात. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्या ज्येष्ठ नेत्यांना बढती नको असेल तर परीक्षेतून सूट आहे. टीईटी मार्गदर्शन शिबिरांची उद्घाटने सध्या तेच करतात.