हीरो शेतकरी, जावई नोकरीवाला

गोंदियातल्या बायका सध्या अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या प्रेमात पडल्या आहेत. शेतकरी दीडशे वर्षांपूर्वीचा आणि कादंबरीतला असल्यामुळे घरच्यांनी अजून हरकत घेतलेली नाही.

‘टपालाने नवरी’ छापाच्या या कादंबऱ्यांचा साचा पक्का. काळ १८७० च्या आसपासचा. पश्चिमेच्या ओसाड मुलखात पुरुष उदंड, बायका मोजक्या. तिकडचा एक गडी वर्तमानपत्रात जाहिरात देतो, ‘बायको पाहिजे’. बोस्टनची एक अनाथ, देखणी, शिकलेली पोरगी पत्र टाकते आणि आगगाडीत बसते. उतरून बघते तर नवरदेव पत्रातल्यापेक्षा उंच आणि दोन लेकरांचा बाप. मग बर्फ पडतो, दरोडेखोर येतात, घरात खाट एकच निघते. लग्न तिसऱ्या प्रकरणात लागतं, प्रेम तिसाव्या. आधी लग्न आणि जमलंच तर मग प्रेम, हा क्रम आपल्याकडे कुणालाच खटकला नाही.

गोंदियाच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका भिशीत अशीच एक कादंबरी फिरते आहे. इंग्रजी कळणारी सून वाचते आणि बाकीच्यांना सांगते. मतं मात्र सगळ्यांना आहेत.

भिशीच्या खजिनदार काकूंना नायकाचं न बोलणं फार भावलं. त्यांचे यजमानही लग्नापासून फारसे बोललेले नाहीत. “पण तो क्षितिजाकडे बघत गप्प बसते, आमचे हे मोबाइलकडे,” असा सूक्ष्म भेद त्यांनी दाखवला.

शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी पुस्तक न वाचताच अभिप्राय दिला. त्यांच्या मते लेखिकेने खरी कथा सोडून दिली. एसा मर्सर हा वॉशिंग्टन प्रांताच्या विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष. सिअॅटलच्या पुरुषांना बायका मिळेनात म्हणून हा गृहस्थ थेट मॅसॅच्युसेट्सला गेला आणि १८६४ मध्ये अकरा जणींना घेऊन आला. दुसऱ्या खेपेला शेकडो आणण्याच्या बाता मारल्या, आल्या त्याहून कितीतरी कमी. त्यातल्याच एकीशी त्याने १८६६ मध्ये स्वतःचं लग्न उरकून घेतलं. “मध्यस्थाने आधी स्वतःचं बघावं, ही रीत आपल्याच मंडईतल्या सोयरिकींची वाटते,” असं म्हणून गुरुजींनी चहा मागवला.

सालेकस्याच्या एका गोंड शिक्षिकेचं मत भिशीला जरा जड गेलं. नायकाची १६० एकर जमीन १८६२ च्या होमस्टेड कायद्याची. पाच वर्षं राहून कसली की मालकीची. त्याआधी तिथे कोण राहत होतं, हे पुस्तकात कुठेच नाही. असलंच तर टेकडीमागून बाण मारायला. “आम्ही पिढ्यान्पिढ्या जंगलात. वनहक्काचा कायदा झाला २००६ ला, मर्यादा चार हेक्टरांची, आणि दाव्याची फाइल अजून टेबलावर. याला पाच वर्षांत १६० एकर? मग हा हीरो होणारच जी.” यावर काकूंनी विषय बदलून खाटेकडे नेला.

सगळ्यात भरघोस कौतुक केलं ते लग्नाच्या मुलीच्या आईने. कष्टाळू माणूस, स्वतःची जमीन, गोठाभर जनावरं, व्यसन नाही! त्या आठवड्यात त्यांनी आलेलं एक स्थळ परत पाठवलं होतं. मुलगा अर्जुनी मोरगावचा, चार एकर धानाची शेती, दोन म्हशी, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. “शेतकऱ्याला पोरगी द्यायची काऊन?” असं त्यांनी विचारलं तेव्हा नायकाच्या गुराखीपणाचं वर्णन करताना आलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांत अजून होतं.

अमेरिकेत बायका कमी होत्या म्हणून जाहिराती द्याव्या लागल्या. आपल्याकडे सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा म्हणून निवेदन दिलं. घोडे होते, हीरो होते; फक्त बोस्टनहून गाडी आली नाही. गोंदियाला तर हेही कारण सांगता येत नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, गोंदिया जिल्ह्यात ९९९. हिशेबाने हजारात एकच गडी बिनलग्नाचा राहायला हवा. तो कोण, हे मात्र सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय: धानवाला.

आपली नायिकाही गाडीत बसते आणि पश्चिमेकडेच निघते. गाडी महाराष्ट्र एक्स्प्रेस, उतरायचं पुण्याला, आणि स्टेशनवर उभा असतो तो कंपनीवाला. त्याची खोली भाड्याची, खाट हप्त्यावरची, पण पगार महिन्याच्या महिन्याला.

नाकारलेल्या त्या मुलानेही कादंबरी ऐकली आहे. त्याचं परीक्षण सर्वांत थोडक्यात आहे: “त्यात दरोडेखोर येतात, पण खरेदी केंद्रावर बारदाना संपत नाही. चुकारे थकत नाहीत. रोवणीच्या वेळेला पाणी दडी मारत नाही. एवढं सुख असंल तर गोळी खायला आपली ना नाही.” २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. एवढ्या भावावर नायक उभा करणारी लेखिका अजून जन्माला यायची आहे.

तेव्हा निकाल असा. पोरी चुकत नाहीत. आईबापही हिशेबालाच भितात. धानाच्या पैशात घर चालत नाही हे ज्यांनी जन्मभर पाहिलं, ते लेकीला त्याच बांधीत कसं ढकलतील? पण मग निदान शेतकऱ्याच्या घामाचं कौतुक इंग्रजीत करून मराठीत नाक मुरडू नका. दिवाळी झाली की गावोगाव मंडया भरतील, दंडार होईल, रात्रभर नाटक चालेल आणि नेहमीप्रमाणे सोयरिकीही निघतील. तिथे एखाद्या पोराला ‘नोकरी कुठं?’ विचारण्याआधी एवढंच विचारा, ‘यंदा धान किती झालं, आणि पैसे मिळाले का?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरकारलाही ऐकवा.